केरोबाच्या अंगावरचे काटे

एका राज्यात पाणक्यांखेरीज कुणाचंही मूल जन्मलं की त्याच्या छातीवर आपोआप राजमुद्रा उमटायची. पहारेकऱ्यानं तिच्यावर तळवा ठेवला की मुद्रा म्हणायची, ‘थांब.’ मग त्याची विषारी सुई कमरेलाच राही.

त्या राज्यावर एका मांत्रिकानं शाप सोडला. शाप लागलेला माणूस एकाचे दोन, दोनाचे चार होई आणि शेजाऱ्यांचं अन्नपाणी गिळत सुटे. वर लबाडी अशी, की शाप त्याची मुद्राच पुसून टाकी. राजाची शिकलेली फौज मुद्रेवर उमटलेला गुन्हा वाचून गुन्हेगार ओळखायची. मुद्राच नाही, तर वाचणार काय, कपाळ? फौज सरळ पुढं निघून जायची.

उरला सिदोजी पहारेकरी. हा शाळेत कधी गेला नाही. तळव्याची जाण त्याला जन्मजात होती. एके सकाळी राजवाड्यातली मैना त्याच्या खांद्यावर बसून म्हणाली, "कुंभारआळीत शाप शिरला आहे. शेवटची तीन घरं तपास."

तिसरं घर सिदोजीच्या धाकट्या भावाचं होतं, केरोबाचं.

पहिल्या घरी मुद्रा म्हणाली, ‘थांब.’ तो थांबला. दुसऱ्या घरी म्हातारा पाणक्या, छाती कोरी. पण पाणक्यांना मुद्रा नसतेच मुळी. शापानं आतून पोखरलेल्याच्या अंगावर काटे येतात, आणि म्हाताऱ्याचं अंग तर नितळ होतं. नुसती मुद्रा नाही म्हणून जीव घ्यायला सिदोजी काही खुळा नव्हता. रामराम करून तो निघाला.

तिसऱ्या घरात एकसारखे सोळा केरोबा बसलेले. मुद्रा एकालाही नाही. पंधरा जण नितळ, आणि एकाच्या अंगभर काटे.

सिदोजीनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. ‘थांब’ ऐकू यावं म्हणून तो कितीतरी वेळ उभा राहिला. काहीच ऐकू आलं नाही.

"दादा, मूळचा मीच," केरोबा म्हणाला. "शाप म्हणत होता, काटे दडव. या बाकीच्यांनी दडवले, मी दडवले नाहीत. तुला कळावं म्हणून."

"तू जाशील रे."

"शेजारची लेकरं उपाशी आहेत. आवर."

सिदोजीनं भावाला घट्ट कवटाळलं, विषाचा थेंबही बाहेर सांडू नये इतकं. सुईनं कातडीला भोक पाडलं, त्यातून विष आत सोडलं. केरोबा आतल्या आत मिटत गेला. शेजारच्या भिंतीला ओरखडाही उठला नाही. मूळचाच गेला तसे बाकीचे पंधरा विरून गेले, शाप तुटला, आणि दुपारी कुंभारआळीत चुली पेटल्या.

राजानं सिदोजीला सोन्याचं कडं देऊ केलं. सिदोजी रडत होता, रडतरडतच म्हणाला, "महाराज, ते केरोबाच्या दाराला लावा. मी नुसता गेलो. काटे न दडवता बोलावलं त्यानं."