कड्यावरचा दोर बायकोच्या हाती

अत्तर लावून आलं नाही ना कुणी? मग या, बसा. आवाज तेवढा बेताचा ठेवा, समोर आग्या मोहोळं आहेत. कड्याच्या मध्यावर तो जांभळा पट्टा दिसतो ना, ती कारवी. सात वर्षांनी एकदाच फुलते. तिथं ना वाट, ना धड माती. मग ती पोचली कशी, हे सगळेच विचारतात.

फार मागे म्हणे हा अख्खा डोंगर कारवीचा होता. आमच्याच लोकांनी घरांच्या कुडाला ती तोडली, उरली ती शेतासाठी जाळली. फूल संपलं, माश्यांची उपासमार झाली. तशातच धावजी मध काढायला दोरावरून उतरला. वर दोर धरून त्याचा मेव्हणा सोमा. तेव्हा दोर मेव्हण्यानंच धरायचा; बहिणीचं कुंकू तो कसा पुसेल? धावजी कपारीत उभा राहिला आणि शेवटचं उरलेलं पोळं त्यानं पिलांसकट कापलं. माश्या उठल्या. सोमानं दोर टाकला नि धूम ठोकली. मेल्याला लाज नाही वाटली!

धावजीची बायको हिराई दुसरा दोर घेऊन धावली. भाकरी बांधून सोडली, ती माश्यांनी खाली जाऊ दिली. पण त्यानं दोराला हात घातला की सगळ्या अंगावर. रोज तसंच. मारत नव्हत्या, सोडतही नव्हत्या. पाठीला कातळ, पुढं दरी, निजल्यावर कूस बदलायला जागा नाही. एक दिवस तो खालून ओरडला, "अगं, उपाशी आहेत गं या! यांचं आपण खाल्लंय. कुठूनतरी कारवी आण!"

हिराईनं पलीकडच्या खोऱ्यातून बी आणलं. डोंगरावर पेरलं, त्यातलंच मूठभर बी भाकरीबरोबर खाली सोडलं. ते त्यानं कपारीत टोचलं. मग काय, थांबायचं! कारवी कुणाच्या घाईनं फुलते का? सात वर्षं, बाई! हिराईची आई गेली, तरी ती माहेरी गेली नाही. भाकरी कोण सोडणार? लोक म्हणतात धावजी अडकला. मी म्हणते, ती कुठं मोकळी होती? मला तिचंच जास्त वाईट वाटतं.

सातव्या वर्षी डोंगर फुलला, माश्या फुलांवर गेल्या. हिराईनं दोर खाली सोडला. तेवढ्यात सोमा रडत आला, "ताई, मी ओढतो."

"तू बाजूला हो," ती म्हणाली.

झाडाला वेढा देऊन तिनं एकटीनं नवऱ्याला वर घेतलं. तो वाळून काटकी झाला होता म्हणे, तरी तिचे तळहात सोलून निघाले.

आजही आमच्या गावात दोर मेव्हणा धरत नाही, बायको धरते. घरात भांडण झालं असलं, तर त्या दिवशी नवरा उतरतच नाही. हसा, हसा! पण आमचे मालक खाली असायचे, तेव्हा आमचं पोर झाडाखाली रडून रडून निळं व्हायचं. मला ऐकू यायचं सगळं. मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.