दोन सोंगाडे

"मग हसलं का नाही कुणी, वस्ताद?"

केरबा वस्ताद राहुटीच्या दारात सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मुरारी पुन्हा म्हणाला, "मी काय कमी केलं?"

"जादा केलंस."

एवढंच बोलले.

मुरारी त्यांचा शिष्य. तमाशाच्या फडासाठी वग रचायचा. लेखणी तिखट, आणि ती तिखट आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

गेल्या दिवाळीत फडातला राजा गेला. दौलत त्याचं नाव. हयातभर तो वगात राजाच झाला, आणि त्याच्यापुढं गणपा सोंगाड्या हुजऱ्या झाला. राजानं भडकावं, हुजऱ्यानं भोळेपणानं त्याला आणखी भडकवावं, आणि गावंच्या गावं पोट धरून हसावीत. दौलत मात्र बोर्डावर, लोकांसमोर, कधी हसला नाही. ओठसुद्धा हलला नाही.

तो गेला आणि गणपाचा विनोद निवला. बोलणं तेच, मान वेळावणं तेच. लोक शेंगा सोलत बसायचे. फडमालकानं सांगून टाकलं, या जत्रेत हशा आला नाही तर म्हाताऱ्याला घरी पाठवा.

घरी कुणी नव्हतं. जे होतं ते फडातच होतं.

मुरारी गणपाच्या मांडीवर वाढलेला. त्यानं जिवाचं रान केलं आणि नवा वग लिहिला. गणपाला जोड म्हणून राजाच चावट केला. हुजऱ्यानं एक फेकावी, राजानं दोन परतवाव्यात. काल जत्रेत दोघं सोंगाडे एकमेकांवर कोट्या उधळत राहिले, आणि लोक बसायची पटकुरं झटकून उठून गेले.

आज सकाळपासून गणपा वळकटी बांधून बसला होता. एस.टी. दुपारची होती.

वस्तादांनी अडकित्ता खाली ठेवला.

"गणपा, इकडं ये. जायच्या आधी ह्याच्याकडनं वग शिकून घे. जल्मभर अडाणी ऱ्हायलास."

मुरारीला ते लागलं. म्हाताऱ्याची ही कसली थट्टा? पण वस्तादांचा शब्द. तो उभा राहिला.

गणपा आला. हात जोडून, शाळेतल्या पोरासारखा समोर बसला.

मुरारीनं घसा साफ केला. "राजा रागावला, की तुम्ही घाबरायचं."

"किती, मास्तर?"

"किती म्हणजे? घाबरायचं."

"न्हाई, पळून जान्याइतकं का पाय धरन्याइतकं? पाय धरायचं तर आदी सांगा. ह्यो गुडगा बसला की उठत न्हाई."

ढोलकीवाल्यानं तोंड फिरवलं.

"राजापुढं उठायचं नसतंच," मुरारी करड्या आवाजात म्हणाला.

"मग राजानं तरी बसावं. वर बघून मान धरती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मुरारीच्या कपाळाची शीर फुगली. त्यानं बोट रोखलं.

"गणपातात्या, मी तुमच्या पोटासाठी बोलतोय."

गणपानं आपल्या पोटाकडं पाहिलं. मग अदबीनं ते जरासं आत ओढलं.

राहुटीत हसू फुटलं. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या बायका पिठाचे हात घेऊन धावल्या. मुरारी ओरडला, हसू वाढलं. त्यानं हसायला काय झालं म्हणून दरडावलं, आणखी वाढलं. एवढं कशाला हसतात म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं.

मागं कुणी नव्हतं.

तेव्हा तर ढोलकीवाला जमिनीवर लोळला.

...

हसू ओसरलं. गणपा तसाच बसून होता. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

"दौलू असाच मागं बघायचा," तो म्हणाला.

मुरारीचं रोखलेलं बोट खाली आलं. तो म्हाताऱ्याच्या शेजारी मातीत बसला. रस्त्यावर एस.टी. थांबली, आणि धूळ उडवत निघून गेली. गणपानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

अखेर मुरारी हळू आवाजात म्हणाला, "वस्ताद... मग राजाच्या तोंडी आता लिहू काय?"

केरबा वस्तादांनी त्याच्या अजून लाल असलेल्या तोंडाकडं पाहिलं.

"काय बी लिहू नगंस. उद्या राजाचं मुंडासं बांध, आणि पुन्यांदा रागाव त्याच्यावर. मनापासनं."