जुन्याचा पत्रा जाड

एका गावात एक भोळा सासरा होता. नाव झिंगुजी. अधिक ज्येष्ठ लागलेला, ऊन असं की कोंबड्यासुद्धा मोरीत जाऊन बसायच्या. त्यात नवा जावई पहिल्यांदाच धोंड्याचं जेवायला येणार. आणि घरातला कूलर गरम हवा मारतोय!

बायको पर्बताबाई म्हणाली, "जावई न जेवता उठला, तर आपल्या लेकीला जन्मभर ऐकावं लागेल. जा, मिस्त्रीला विचारा. कूलर दुरुस्त करायचा की बदलायचा?"

शब्बीरमिस्त्री म्हणाला, "काका, जुना आहे, पण पत्रा जाड आहे. टाकू नका. गरम झाला, वरून बादलीभर पाणी ओता. खडखडला, पाठीत थाप मारा. तिसऱ्यांदा बिघडला, तर जिथून आणला तिथून बदलून आणा."

झिंगुजीनं घरी येऊन पाणी ओतलं. थाप मारली. कूलर गार! झिंगुजी खूश.

दुपारी जावई आला. पाटावर बसला आणि म्हणाला, "बापरे, काय गरम होतंय!"

झिंगुजी उठला. बादली उचलली. जावयाच्या डोक्यावर रिकामी केली.

"अहो, हे काय?" पर्बताबाई ओरडली.

"गरम झाला होता."

"तो कूलर नाही, जावई आहे!"

"असं होय!" झिंगुजी म्हणाला.

जावयाच्या नाकात पाणी गेलं. तो लागला खोकायला. खडखड, खडखड. झिंगुजीनं पाठीत अशी थाप मारली, की जावयाचं तोंड थेट पुरणाच्या धोंड्यांत!

जावई उठला. मिशीला पुरण. "मी जेवत नाही! मला आत्ताच्या आत्ता घरी सोडा!"

"बिघडला तिसऱ्यांदा," झिंगुजी म्हणाला. "आता दुरुस्ती नाही." जावयाला रिक्षात घातलं आणि नेलं व्याह्यांच्या दारात.

"व्याहीबुवा, हा बदलून द्या. घरी ताट वाढलेलं आहे."

"बदलून?" व्याही लालबुंद झाले. "एकुलता एक पोरगा आहे माझा! थांबा, विहीणबाईंनाच जाब विचारतो." तावातावानं तेच रिक्षात चढले.

इकडे पर्बताबाई जीव मुठीत धरून दारात उभी. रिक्षा थांबली. झिंगुजीनं व्याह्यांना दंडाला धरून उतरवलं.

"आण गं ओवाळायला," तो म्हणाला. "नवा शिल्लक नव्हता, जुनाच आणलाय. पण काळजी करू नको, पत्रा चांगला जाड आहे. आणि बादली भरून ठेव, वाटेतच गरम झालाय."