भरल्या कळश्यांचा पार

कोंडेवाडीतून खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर जांभ्या दगडाचा एक पार आहे. पारात झाड नाही, तुळस नाही, मूर्ती तर नाहीच. नुसती काळी माती. तरी चैत्रातल्या मंगळवारी वाडीतल्या बायका भरल्या कळश्या कमरेवर घेऊन त्याला फेरी घालतात आणि थेंबही न सांडता पाणी घरी परत नेतात. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटते. मग शेजारच्या देवळातले म्हातारे गोविंद गुरव त्यांना पायरीवर बसवून घेतात. घाईतल्या माणसाला ते सांगतच नाहीत.

असे सांगतात, की फार पूर्वी या जागी तानू नावाच्या विधवेचे परसदार होते. तिची एकुलती लेक येसू माहेरपणाला आली, ती सासरहून अनंताचे रोप घेऊनच. न्हाणीपलीकडच्या उतारावर तिने ते लावले. रोज सकाळी मातीत बोट खुपसून बघायची. कोरडी लागली तरच तांब्याभर पाणी. "आये, याचे फार लाड करायचे नायत हां," असे आईला बजावून हसायची. त्याच पावसाळ्यात येसू तापाने गेली. पुढच्या वर्षी झुडूप पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरले, आणि तानू म्हणे त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली. जगायला तिला तेवढेच निमित्त उरले होते.

पुढे शेजारच्या काशी खारविणीच्या नवऱ्याचे होडके वादळात सापडले. तिने येऊन झुडपाला कळशीभर पाणी घातले आणि नवस बोलली. होडके सुखरूप परतले. झाले! देवी तानूच्या अनंतात आली, असा वाडीभर बोभाटा झाला. आधी चार घरच्या कळश्या आल्या, मग सगळ्याच. लोकांनी हौसेने भोवती पार बांधला आणि चुन्याने सांधे इतके पक्के लिंपले, की पाण्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. तानू तेव्हा सुखावली होती. लेकीच्या झाडापुढे सारा गाव हात जोडतो, याचे कुठल्या आईला बरे वाटणार नाही?

मग पाने पिवळी पडू लागली. तानूने मातीत बोट खुपसले, तर ते चिखलात रुतले. गावाला मात्र आनंदाचे भरते आले. देवीने हळद घेतली म्हणे! बायका गळलेली पिवळी पाने प्रसाद म्हणून पदरात बांधून नेऊ लागल्या. हळद लागलेल्या देवीला स्नान हवेच, म्हणून दुपारीही कळश्या येऊ लागल्या. शेवटी तानू दोन्ही हात पसरून आडवी आली.

"नका गो घालू. मुळं कुजतायत त्याची. माझ्या येसूचं झाड हाय."

काशीनेच तिला हळूच बाजूला घेतले. "तुझं होतं, तानूवैनी. आता देवीचं झालं. माझा घोव दर्यावर हाय. मी पाणी नाय घातलं नि काय झालं तर?"

काशीच्या डोळ्यांतली भीती तानूच्या ओळखीची होती. तापलेल्या येसूच्या उशाशी बसून तिनेही कोणी सांगेल ते केले होते. ती बाजूला झाली. मग फांद्या तोडून दुसरीकडे लावून बघायची. एकही जगली नाही. डोळ्यांदेखत झाड जात होते आणि तिचा काही इलाज चालत नव्हता.

एका सकाळी तिने खोडाला हात लावला, तर ते मुळांसकट हातात आले. मुळे काळी पडून चिखलासारखी मऊ झाली होती. ती ते झुडूप मांडीवर घेऊन पारावर बसली. नेहमीप्रमाणे बायका कळश्या घेऊन आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. देवी गेली की कोपली, कुणालाच कळेना. पाणी घालायचे कुठे? तसेच परतायचाही धीर होईना. बऱ्याच वेळाने काशीने पाराला एक फेरी घातली आणि भरली कळशी तशीच घरी नेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. तेव्हापासूनची ही रीत, असे गुरवबाबा सांगतात.

आजही ते पाणी घरी नेल्यावर पहिल्यांदा लेकींना प्यायला देतात. ज्या बाईची लेक गेलेली असते, ती मात्र फेरी पुरी झाली तरी कळशी कमरेवर घेऊन तिथेच उभी राहते. तिला घरी चल असे कुणी म्हणत नाही.