गिळलेली चूळ

एका नदीकाठच्या नगरात, जेथे हसण्याचाही रीतसर निवाडा होत असे, दरवर्षी सुगी आटोपली की प्रहसन-लेखनाची स्पर्धा भरे. जे प्रहसन सरस ठरे, त्याचे प्रयोग पुढे वर्षभर चौकात होत.

निवाड्याची पद्धत मोठी अजब होती. लेखक आपले प्रहसन वाचू लागला की तीन पंच तोंडात पाण्याची चूळ धरून बसत. हसू अनावर झाले की पाणी फवाऱ्यासारखे उडे आणि पुढच्या रांगेतले प्रेक्षक भिजल्या अंगाने टाळ्या वाजवीत. चूळ शेवटपर्यंत टिकलीच, तर पंच ती सर्वांदेखत पितळी तस्तात टाकीत. तिन्ही चुळा तस्तात पडल्या की प्रहसन बाद होई आणि त्याची एकुलती एक संहिता नदीत सोडली जाई. प्रत्येक प्रहसनाच्या नावाने मडके आधीच मांडलेले असे आणि जी प्रहसने तरत, त्यांतल्या आपल्या पसंतीच्या मडक्यात प्रत्येक घर एक चिंचोका टाकी.

त्या नगराचा नगरशेठ उशिरा उठणारा होता. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून, तो जागा होईपर्यंत बाजाराने दार उघडू नये असा त्याने दंडक घातला होता. भाजी सुकत असे, दूध नासत असे. परंतु बोलण्याची कोणाची छाती नव्हती.

त्याच नगरात एक प्रहसनकर्ती राहत असे. तिने त्या वर्षी एका धनिकाचे प्रहसन लिहिले. हा धनिक उजाडूच नये म्हणून गावातल्या सर्व कोंबड्यांच्या चोची बांधून ठेवतो. मग भर दुपारी दुकानदार दिवे लावून बसतात आणि मुहूर्त टळून गेला तरी नवरदेव, "अजून पहाट व्हायची आहे," असे म्हणत घोड्यावरच पेंगत राहतो.

ही वार्ता नगरशेठच्या कानी गेली. त्याने तिला बोलावून घेतले.

"बाई, कोंबड्यांचा भाग तेवढा गाळा. पैठणी देतो."

"शेठजी, कोंबडे गाळले तर उरेल काय?"

"नवरदेव उरेल की!"

"तो एकटा पेंगेल, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही पेंगतील. पैठणी राहू द्या."

"तुमची संहिता नदीत जाईल, लक्षात ठेवा."

"पंचांनी प्रामाणिकपणे बुडवली, तर मी स्वतः काठापर्यंत पोहोचवीन," एवढे बोलून ती उठली.

तेव्हा नगरशेठने पंचांना गाठले. "त्या बाईच्या वाचनाला कोणाच्या तोंडातून थेंब उडाला, तर पुढच्या वर्षी त्या आसनावर दुसरा दिसेल," एवढेच तो म्हणाला.

पंच पेचात पडले. विनोदाची जाण तर त्यांना पुरेपूर होती. आपल्याला हसू आवरणार नाही, हे ते ओळखून होते. अखेर धाकट्या पंचाने युक्ती काढली. "तोंडात पाणीच नसले, तर उडेल काय? वाचन सुरू होताच गिळून टाकू." थोरल्या पंचाने मान खाली घातली, पण नकार दिला नाही.

वाचनाचा दिवस उजाडला. मांडवाभोवती नगरशेठचे पहारेकरी उभे होते. प्रहसनकर्ती वाचू लागली. प्रेक्षकांनी प्रथम ओठ आवळले, मग पदर तोंडात कोंबले, उपरणी नाकाशी धरली. नवरदेव घोड्यावरून कलंडला तेव्हा एका पहारेकऱ्याच्या हातचा भालाही थरथरू लागला. पंच मात्र गाल फुगवून दगडासारखे बसून राहिले.

वाचन संपले. थोरल्या पंचाने हाताने खूण केली, 'बाद.'

प्रहसनकर्तीने पितळी तस्त उचलले आणि ती आसनांपुढे जाऊन उभी राहिली. "निवाडा मान्य आहे, पंचमहाराज. चूळ टाका."

पंचांचे गाल हळूहळू बसले. तस्तात थेंबही पडला नाही. घाईगर्दीत तस्ताची आठवण तिघांपैकी एकालाही राहिली नव्हती.

"पुढच्या रांगेवर उडाले नाही, तस्तात पडले नाही," ती म्हणाली. "मग पाणी गेले कोठे?"

मागच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "गिळलं गं बाई, गिळलं! आम्ही जसं रोज गिळतो तसंच!"

एवढा वेळ दाबून धरलेले हसू तेव्हा सगळ्या मांडवातून एकदम फुटले. नगरशेठ लालबुंद झाला. त्याने संहिता हिसकावून नदीत भिरकावली आणि प्रहसनकर्तीच्या नावचे मडके लाथेने फोडले.

"आता टाका चिंचोके!" तो गरजला.

प्रहसनकर्ती जागची हलली नाही. "शेठजी, कागद बुडाला. ज्यांनी ऐकले, त्यांना बुडवायला एवढी नदी पुरायची नाही."

मग ती म्हातारी पुढे आली. आपल्या घरचा चिंचोका तिने फुटक्या खापरांत ठेवला आणि पहारेकऱ्याकडे टक लावून पाहिले. पहारेकऱ्याने नजर वळवली. तिच्यामागून सारा मांडव रांगेत उभा राहिला. इतर मडकी रिकामीच राहिली. त्यांचे लेखकही त्याच रांगेत होते.

सर्वांत शेवटी थोरला पंच आला. "माझे घरही याच नगरात आहे," असे म्हणून त्याने आपला चिंचोका ठेवला. मग आपल्या आसनावरची पंचपदाची शाल उचलून त्याने ती नगरशेठच्या हाती दिली. "हे आसन आता दुसऱ्याला द्या."

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच नगरशेठच्या खिडकीखाली कोंबडा आरवला. शेठ दचकून उठला आणि खाली पाहतो तो काय, थोरला पंच दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान उंचावून, खणखणीत आवाजात आरवत होता! त्याच्यामागे बाजारातले प्रत्येक दार उघडत होते.

तात्पर्य: निवाडा करणाऱ्यांनी भीतीपोटी हसू गिळले, तरी लोकांचे हसू गिळण्याइतका मोठा घसा कोणत्याही सत्तेला नसतो.