पुडीला ‘कुठवर’ विचारणारी हौसा

निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारू नये आणि वैद्याच्या पुडीला ‘कुठवर’ विचारू नये. विचारलं की माणसाचं काम फसतं आणि पुडीचा गुण जातो. फार वर्षांपूर्वी, वाघ अजून गावविहिरीवर पाणी प्यायला येत तेव्हा, हिवरदरीत हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. हौसा लग्न होऊन त्या गावात आली, तेव्हा माप ओलांडायच्या आधी सासूनं तिच्या कानात हाच नियम सांगितला.

त्याच्या आदल्या साली गावात खोकल्याची साथ आली होती. माणसं खोकून खोकून रक्त ओकायची. तेव्हा दाजीबा वैद्यानं अफू घालून काळी गोळी वळली. मोहरीएवढी. ती जिभेवर ठेवली की खोकला थांबायचा, माणूस निजायचा आणि उठायचा तो बरा होऊनच. दाजीबानं गाव वाचवलं, हे हौसाही कधी नाकारत नव्हती.

पण साथ गेली आणि गोळी राहिली. म्हाताऱ्याचा गुडघा दुखतोय, द्या गोळी. सून माहेरच्या आठवणीनं रडतेय, द्या गोळी. तान्हं पोर किरकिर करतंय आणि आईला खुरपायला जायचंय, द्या गोळी. मोहरीएवढीनं भागेना, तेव्हा ज्वारीएवढी झाली. ज्वारीएवढीनं भागेना, तेव्हा हरभऱ्याएवढी. दाजीबा वळत राहिला, गाव गिळत राहिलं, आणि कुठवर हे कुणी विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं ना!

असं म्हणतात की, हिवरदरी मग इतकी झोपाळली, की चिमण्यांनी पाळण्यांच्या दोऱ्यांवर घरटी बांधली. कोंबडे बांग विसरले. जात्यावरची ओवी अर्ध्यात थांबायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू व्हायची. जत्रेला भैरोबाची पालखी सजली, पण खांदा द्यायला कुणी उठेना. देव उन्हात ताटकळला आणि शेवटी आपल्या पायांनी देवळात परत गेला.

वडीलधारे म्हणायचे, “गाव कसं शांत आहे! भांडण नाही, तंटा नाही.”

हौसाला मुलगी झाली, तानी. बारशालाच सासूनं तिच्या ओठांना गोळी लावली. हौसा नवी होती, गप्प बसली. वर्ष सरलं, पोर रडलं नाही. हसलंही नाही. भूक लागली तरी तोंड उघडेना. मांडीवर घेतलं की कापसाच्या पेळूसारखं हलकं लागायचं. शेजारणी म्हणायच्या, “नशीबवान गं बाई, किती गुणाचं पोर!” ते ऐकून हौसाच्या अंगाची आग व्हायची. अशीच गुणाची पोरं गावानं त्या साली मातीत ठेवली होती. झोपेतच गेलेली.

एका सकाळी दाजीबा पारावर गोळ्यांच्या पुड्या वाटत होता. हौसा पदर खोचून, तानीला काखेत घेऊन पुढे झाली. दाजीबानं सवयीनं पुडी पुढे केली.

“कुठवर?” हौसा म्हणाली.

पारावरच्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

“अगं अवदसे, गुण गेला की पुडीचा!” सासू ओरडली.

“जाऊ दे, आत्याबाई. एका शब्दानं जातो तो कसला गुण? वैद्यबुवा, माझ्या पोरीला खोकला नाही, ताप नाही. मग ही गोळी कशासाठी? आणि कुठवर?”

दाजीबा घुटमळला. सासरा म्हणाला, “दाजीबा, हिचं डोकं फिरलंय. हिलाच द्या एक. निजेल गप.”

सगळे हसले. त्यातले निम्मे हसता हसता पेंगले.

हौसानं गोळी तळहातावर घेतली आणि सगळ्यांपुढे धरली. “मामंजी, ही गाव वाचवायला आली होती. तुम्ही तिला गाव गप करायला लावलंत. पोर रडतं ते भुकेनं, सून रडते ती दुःखानं. ते ऐकायचं सोडून त्यांच्या तोंडात बोळा कोंबलात. उत्तर मिळाल्याशिवाय मी ही घेणार नाही आणि माझ्या पोरीलाही देणार नाही.”

तिनं ती गोळी टाचेखाली चिरडली. असं म्हणतात की, तिथं जी मुंगी आली ती अजून झोपलेली आहे.

दाजीबा पुटपुटला, “खोकला थांबला की थांबवायची होती. पण मला कधी कुणी विचारलंच नाही.”

“आणि तुम्हाला आपणहून सांगता येत नव्हतं?”

मान खाली घालून दाजीबानं एवढंच सांगितलं, की एकदम तोडू नकोस, पोरीचा जीव घाबरेल. हरभऱ्याची ज्वारी कर, ज्वारीची मोहरी, आणि मग बंद.

मोहरी संपली त्या सकाळी तानी रडली. असं म्हणतात की, ते रडणं डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात ऐकू गेलं. कोंबड्यांना बांग आठवली, चिमण्या पाळण्यांवरून उडाल्या, भैरोबा आपण होऊन पालखीत येऊन बसला. मग एकेका घरातून पोरं भुकेनं किंचाळू लागली, आणि आया धावल्या.

हिवरदरीत आता तालुक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या येतात, चकचकीत पाकिटांतून. तरीही औषध आधी उंबऱ्याबाहेर थांबतं. घरातली सगळ्यांत धाकटी बाई, सून असो की लेक, दारात आडवी उभी राहते आणि विचारते, “कशासाठी? कुठवर?” आणणाऱ्याला सांगता आलं नाही, तर त्यानं आल्या पावली परत जायचं आणि डॉक्टरला विचारून यायचं.

कधी एखादे आजोबा खाटेवरून कुरकुरतात, “डॉक्टरला काय कळत नाही होय? घे म्हटलं की घ्यावं मुकाट!”

“विचारल्याशिवाय नाही,” ती दारातूनच म्हणते.

मग आजोबा गप्प होतात. बाकीचे म्हातारेही. उत्तर येईपर्यंत त्या घरात वडीलधाऱ्यांनी बोलायचं नाही, अशी रीत आहे. त्या गप्प बसण्याला हिवरदरीत हौसाचा मान म्हणतात.