पडलेल्या फणसाची पिवळी पेटी

चुळबूळ बंद. नीट बसा. मग सांगतो.

एक होती खार. एवढीशी. शेपूट मात्र हे एवढं. फणसाच्या ढोलीत राहायची. तिला दोन पिल्लं. डोळेसुद्धा उघडले नव्हते त्यांचे.

एकदा वारा आला. घूं घूं घूं. म्हातारा फणस पडला. धडाड धूम. ढोली मोडली. पिल्लं उघड्यावर आली. चीं चीं चीं.

खार वर बघते तर घार. गोल गोल फिरतेय.

खारीने पिल्लांवर पानं घातली. पण पानं ती पानं. किती टिकणार?

खार पळाली. सुर्र सुर्र सुर्र. गेली मेस्त्रीमामाकडे. मेस्त्री म्हणजे गावाचा सुतार.

"मेस्त्रीमामा, मेस्त्रीमामा, पेटी कर. पेटी नाही, पिल्लांना घर नाही."

मेस्त्रीमामा म्हणाला, "करतो की. उभं झाड मी तोडत नाही. तुझा पडलेला फणस पुरे. पण तासू कशाने? वाकसाला, माझ्या तासायच्या हत्याराला, धार नाही. जा लोहाराकडे."

सुर्र सुर्र सुर्र.

"लोहारदादा, लोहारदादा, धार कर. धार नाही, पेटी नाही. पेटी नाही, पिल्लांना घर नाही."

लोहारदादा म्हणाला, "भट्टी थंड आहे. पेटवायला करवंटी हवी. जा भागाकाकीकडे."

सुर्र सुर्र सुर्र.

"भागाकाकी, भागाकाकी, करवंटी दे. करवंटी नाही, भट्टी नाही. भट्टी नाही, धार नाही. धार नाही, पेटी नाही. पेटी नाही, पिल्लांना घर नाही."

काकी म्हणाली, "घावणे केले की नारळ फोडते. पीठच नाही, तर घावणे कशाचे? नुसता नारळ फोडून डोक्यावर ओतू? जा, जात्याला सांग."

सुर्र सुर्र सुर्र.

"जातोबा, जातोबा, पीठ दे. पीठ नाही, करवंटी नाही. करवंटी नाही, भट्टी नाही. भट्टी नाही, धार नाही. धार नाही, पेटी नाही. पेटी नाही, पिल्लांना घर नाही."

जातं म्हणालं, "माझा खुंटा मोडला. हाताने धरायचं लाकूड ते. काकी कधीची मागतेय. मेस्त्री म्हणतो, उद्या देतो."

असले हे मेस्त्री.

सुर्र सुर्र सुर्र. खार पुन्हा मेस्त्रीमामाकडे.

"मेस्त्रीमामा, मेस्त्रीमामा, खुंटा दे. खुंटा नाही, पीठ नाही. पीठ नाही, करवंटी नाही. करवंटी नाही, भट्टी नाही. भट्टी नाही, धार नाही. धार नाही, पेटी नाही. पेटी नाही, पिल्लांना घर नाही."

मेस्त्रीमामा म्हणाला, "धार नाही, तर खुंटा कसा करू?"

घ्या. जिथून निघाली, तिथेच आली.

घार खाली खाली येत होती.

खार रडली नाही. रडून लाकूड तुटत नाही. ती गेली पडलेल्या फणसाकडे. धरली एक फांदी. लावले दात.

कुर्र कुर्र कुर्र.

फांदी तुटली. ढकलत ढकलत जात्याकडे नेली. भोकात घातली. जाड. काढली. कुर्र कुर्र. घातली. अजून जाड. काढली. कुर्र कुर्र. घातली.

ठच्च. बसला खुंटा.

मग काय? जातं फिरलं. घर्र घर्र. पीठ पडलं. घावणे झाले. चर्र चर्र. नारळ फुटला. फट्ट. करवंटी मिळाली. भट्टी पेटली. धग धग. वाकस तापला. ठण ठण. धार आली.

मेस्त्रीमामाने आधी खुंटा पाहिला. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तो कधी कुणाला चांगलं म्हणत नाही. म्हणाला, "बरा आहे." आणि मुकाट्याने कामाला बसला.

टक टक टक. फणसाचा ओंडका उघडला.

आतून पिवळा. हळदीसारखा पिवळा. बाहेरून काळा, खरबरीत, आणि पोटात एवढं ऊन. काकी बघत राहिली. लोहारदादा बघत राहिला. रंधा फिरला, सर्र सर्र. पिवळ्या छिलक्या निघाल्या, गोल गोल, अलगद. गोड वास सुटला.

पेटी झाली. पुढे एक भोक. खारीपुरतं. घारीचं डोकंही जाणार नाही एवढं. मऊ छिलक्या आत अंथरल्या. उरल्या त्या काकीच्या चुलीला. वाया काही नाही. पेटी आंब्यावर बांधली.

एक पिल्लू आत. दुसरं पिल्लू आत. शेवटी खार आत. शेपूटसुद्धा आत.

घार आली. फिरली. गेली.

आत पिल्लांनी पहिल्यांदा डोळे उघडले. आणि पाहिलं, तर सगळीकडे पिवळं, पिवळं, पिवळं.

पेटी भरली, गोष्ट सरली. झोपा आता.